हॉटेलातले जेवण फसले की आपण करतो त्या चुका, आणि त्या कशा टाळाव्यात

आईच्या एकसष्टीच्या रात्री आम्ही अकरा जण पुण्यातल्या एका बऱ्यापैकी नाव असलेल्या पंजाबी हॉटेलात जेवायला गेलो होतो. जेवण आटोपून बिलाच्या पाकिटासोबत बडीशेप आली, तेव्हा माझ्या मेहुण्यांनी कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलावले आणि दाल मखनी आंबूस होती, रोट्या गार होत्या व चारही भाज्या एकाच चवीच्या लागल्या, असे शांतपणे सांगितले. कॅप्टनने काही न बोलता टेबलावरच्या हंड्यांकडे पाहिले. भाज्यांच्या हंड्या रिकाम्या होत्या, एक तर भाच्याने रोटीच्या तुकड्याने पुसून काढली होती, आणि जिच्याबद्दल तक्रार होती ती दालही निम्मी संपली होती. “सर, जेवताना सांगायला हवं होतं,” एवढेच तो म्हणाला, आणि खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते.

हॉटेलात जेवण फसते तेव्हा दोष बहुतेक वेळा हॉटेलचाच असतो, आणि त्यांची वकिली करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र भटारखाना कसा चालतो, तक्रार कोणाकडे आणि कोणत्या क्षणी करायची असते, बिलातली कोणती ओळ नाकारता येते आणि कोणती येत नाही, याची कल्पना नसल्यामुळे आपण स्वतःच आपली बाजू दुबळी करून घेतो. त्या रात्री आम्ही पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक सगळ्या केल्या.

गर्दीच्या ऐन वेळी सगळी ऑर्डर एका दमात देणे

आम्ही रविवारी रात्री पावणेनऊला टेबलावर बसलो. भूक लागलेली, मुले कुरकुर करणारी, म्हणून मेन्यूकार्ड हाती येताच सूप, स्टार्टर, भाज्या, दाल, बावीस रोट्या आणि शेवटचा जिरा राइस हे सगळे एकदमच सांगून टाकले. वेटरने ते लिहून घेतले आणि सगळ्याची एकच केओटी आत पाठवली. केओटी म्हणजे भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. आतल्या माणसाला आपले टेबल दिसत नाही, त्याला ही चिठ्ठीच काय ती दिसते, आणि तीवर सगळे पदार्थ एकत्र असतील तर जो पदार्थ आधी तयार होईल तो आधी बाहेर येतो. ग्रेव्ही तयारच असल्याने भाजी काही मिनिटांत होते, तर तंदुरातल्या स्टार्टरला मुरवलेले तुकडे सळईवर लावण्यापासून वेळ लागतो. त्यामुळे आमच्याकडे भाज्या आल्या, त्यांच्यामागून रोट्या आल्या आणि पनीर टिक्का आला तो जिरा राइससोबत.

यावर उपाय अगदी साधा आहे. आधी फक्त सूप आणि स्टार्टर सांगावेत, जेवणाची ऑर्डर दिली तरी “मेन कोर्स होल्ड करा, आम्ही सांगू तेव्हा सोडा” असे स्पष्ट म्हणावे आणि रोट्यांची एकूण संख्या कधीही एका वेळी सांगू नये. तंदुराच्या आतल्या भिंतीचे तापमान ४०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते आणि तिथे रोटी किंवा नान दीड-दोन मिनिटांत भाजून निघतो. म्हणजे तो मागाहून मागवल्याने आपले काही अडत नाही. उलट टोपलीत एकावर एक रचलेल्या बावीस रोट्यांपैकी वरच्या चार गरम राहतात, मधल्या वाफेने ओलसर होतात आणि खालच्या दहा मिनिटांत चामट होतात. मैद्याच्या नानाचे तर याहून लवकर वाटोळे होते. अकरा माणसांना एका खेपेला सहा-सात रोट्या, त्या संपत आल्या की पुढच्या, असे सांगितले तर वेटरच्या कपाळावर एखादी आठी पडेल, पण रोटी रोटीसारखी लागेल.

उशीर होऊ लागला की आपण “अजून किती वेळ?” असे विचारतो आणि “बस, पाच मिनिटं” हे ठरलेले उत्तर घेऊन गप्प बसतो. त्याऐवजी “केओटी कितीला गेली?” असे विचारून पाहावे. संगणकावर छापलेल्या चिठ्ठीवर वेळ असते, आणि ती पाहायला गेलेल्या वेटरला कित्येकदा असे आढळते की ती चिठ्ठी आत गेलेलीच नाही. अर्धा तास वाट पाहून झाल्यावर हे कळण्यापेक्षा दहाव्या मिनिटाला कळलेले बरे.

वेळेचीही एक बाब आहे. शनिवार-रविवारी रात्री साडेआठ ते दहा या वेळात चांगल्या हॉटेलचाही तोल जातो, त्यामुळे घरातले कार्य असेल तर साडेसातला बसावे किंवा आधी फोन करून माणसांची संख्या सांगावी. दुपारी साडेतीनला बिर्याणी मागवणाऱ्याने मात्र ती सकाळच्या हंडीच्या तळाची असेल हे गृहीत धरूनच मागवावी.

चार नावांची एकच भाजी मागवणे

पंजाबी हॉटेलच्या मेन्यूकार्डावर शंभर-दीडशे पदार्थ असतात, आणि इतके पदार्थ कोणताही भटारखाना ऑर्डर आल्यावर मुळापासून शिजवू शकत नाही. म्हणून रोज चार-पाच मूळ ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत करून ठेवलेल्या असतात. टोमॅटो, काजू आणि लोण्याची मखनी, परतलेल्या कांदा-टोमॅटोची लाल, उकडलेला कांदा, काजू आणि मगज (खरबुजाच्या बिया) वाटून केलेली पांढरी, हळदीची पिवळी आणि पालकाची हिरवी असा साधारण संसार असतो. ऑर्डर आली की आचारी कढईत एका पळीने ही किंवा दोन पळ्या मिसळून ती ग्रेव्ही घेतो, त्यात पनीर, कोफ्ते, भाज्या किंवा कोंबडी टाकतो आणि वरून कसुरी मेथी, मलई किंवा कढाई मसाला घालून पदार्थाला त्याचे नाव देतो.

ही पद्धत फसवणूक नाही. ती नीट सांभाळली तर पदार्थ उत्तम होतात. पण आम्ही मागवलेले पदार्थ होते पनीर बटर मसाला, व्हेज मखनवाला, पनीर लबाबदार आणि काजू करी, म्हणजे रंग केशरी, चव गोडसर आणि फरक फक्त चमच्याला लागणाऱ्या तुकड्यांचा. आमच्यापैकी प्रत्येकाने आपापली आवडती भाजी निवडली होती आणि सगळ्यांची मिळून ती एकच निघाली. यात हॉटेलचा दोष एवढाच की ऑर्डर घेणाऱ्याने “साहेब, या सगळ्या एकाच प्रकारातल्या आहेत” असे सुचवले नाही. जाणता कॅप्टन हे नक्की सुचवतो, आणि कॅप्टन चांगला आहे की नाही हे ओळखण्याची माझ्या मते हीच सर्वांत सोपी खूण आहे.

म्हणून नाव वाचून नव्हे तर ग्रेव्ही विचारून भाजी निवडावी. टेबलावर एक मखनी, एक लाल किंवा हिरवी, एक सुकी आणि एक दाल असली की चवींत अंतर पडते. सुकी भाजी म्हणजे भेंडी, जिरा आलू किंवा वांग्याचे भरीत यांपैकी काहीही, जिला पातेल्यातल्या ग्रेव्हीचा आधार नसतो आणि म्हणून आचाऱ्याचा हात तिच्यात खरा दिसतो. जाता जाता सांगायचे तर अशा हॉटेलांतल्या व्हेज कोल्हापुरीचा कोल्हापूरशी संबंध फारसा नावापलीकडे जात नाही. ती लाल ग्रेव्हीत अख्ख्या मिरच्या परतून केलेली भाजी असते, आणि तांबड्या रश्श्याची आठवण काढत ती मागवणाऱ्याच्या पदरी निराशा ठरलेलीच असते.

“तिखट कमी करा” एवढेच सांगणे

ग्रेव्ही आधीच शिजलेली असते हे लक्षात घेतले की दुसरीही एक गोष्ट उलगडते. तिच्यात पडलेले तिखट कोणालाही काढून घेता येत नाही. “अगदी फिकं करा” असे सांगितल्यावर आचारी एवढेच करू शकतो की वरून मलई, काजूची पेस्ट किंवा साखर वाढवतो, आणि मग भाजी बासुंदीसारखी लागली म्हणून आपण पुन्हा नाराज होतो. लहान मुलांसाठी किंवा पोट नाजूक असलेल्यांसाठी मुळात फिकी असणारी पांढऱ्या ग्रेव्हीची भाजी, दाल फ्राय किंवा दही-भात मागवणे हेच शहाणपणाचे असते.

याच कारणाने अॅलर्जी असलेल्यांनी फार सावध राहायला हवे. “काजू नको” म्हटल्यावर वेटर वरचे तळलेले काजू काढायला सांगतो, पण मखनी आणि पांढरी या दोन्ही ग्रेव्ह्यांत वाटलेला काजू असतोच आणि तो दिसत नाही. जैन जेवणाचेही तसेच आहे. कांदा-लसूण नसलेली ग्रेव्ही वेगळी करून ठेवलेली नसेल, तर तोंडाने “हो, करून देतो” म्हणणाऱ्यावर विसंबू नये. “जैन ग्रेव्ही वेगळी आहे का?” असा नेमका प्रश्न विचारावा आणि उत्तर आतून मागवावे.

निम्मी हंडी संपल्यावर तक्रार करणे

आमची सर्वांत महागात पडलेली चूक हीच. दाल मखनीचा पहिला घास घेतला तेव्हाच आईने “जरा आंबूस लागतेय का रे?” असे विचारले होते, आणि “टोमॅटो असतो त्यात,” असे म्हणून मीच तो विषय मिटवला होता. आंबट आणि आंबूस यांत आपल्या भाषेने उगाच फरक केलेला नाही. टोमॅटोचा आंबटपणा जिभेवर स्वच्छ लागतो, तर उतरलेल्या दालीला आधी वास येतो, मग घशाशी एक बोचरी चव राहते आणि ढवळल्यावर कधी कधी बारीक बुडबुडे किंवा तार दिसते. दाल मखनी तासन्‌तास मंद आचेवर ठेवायची असते. तिचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर टिकले तर ती निर्धोक राहते, पण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान, म्हणजे कोमट अवस्थेत, रेंगाळली की तिच्यात जंतू झपाट्याने वाढतात. दुपारची उरलेली हंडी गॅस बंद करून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा तापवायची, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो, आणि त्याचा परिणाम नेमका असा असतो.

तक्रारीची वेळ पहिल्या दोन-तीन घासांची असते. तेव्हा पदार्थ जवळजवळ पूर्ण असतो, कॅप्टनला चव घेऊन पाहता येते, आचाऱ्याला तो आत परत घेऊन पाहता येतो आणि बदलून देणे किंवा बिलातून वगळणे हॉटेललाही सोपे जाते. निम्मा पदार्थ खाऊन झाल्यावर आपले म्हणणे कितीही खरे असले तरी समोरच्याला ते फुकट जेवण्याचा बहाणा वाटते, आणि रिकाम्या हंडीपुढे आपल्याकडे पुरावाही उरत नाही.

आपल्याकडे संकोच आड येतो, हे मला मान्य आहे. कार्याचा दिवस, घरातली मोठी माणसे, अन्नाला नावे ठेवू नयेत हा लहानपणापासूनचा संस्कार, आणि शिवाय “जाऊ दे, आता कशाला वाढवायचं” म्हणणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतोच. त्या रात्री तो मी होतो. पण ताट सोडून उठणे आणि पदार्थ बदलून मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरचे अन्न आणि पैसे मोजून घेतलेली सेवा यांना एकच न्याय लावला की घरचा संस्कार हॉटेलच्या निष्काळजीपणाला पांघरूण घालतो.

तक्रार करताना “जेवण बेकार आहे” असे मोघम विधान उपयोगाचे नाही. त्यावर “सॉरी सर” यापलीकडे कोणी काही करू शकत नाही. पदार्थाचे नाव, नेमका दोष आणि आपल्याला काय हवे आहे, या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या पाहिजेत. “ही दाल आंबली आहे, आपण चव घेऊन पाहा, आम्हाला ती बदलून नको आहे, बिलातून काढा” असे म्हटले की समोरच्याला हो किंवा नाही यापैकी एक उत्तर द्यावेच लागते. आणि एक खबरदारी: बदलून आणलेला पदार्थ नवीन आहे की तोच तापवून आणलेला आहे हे पाहावे. आंबलेली दाल बदलून मिळाली तरी ती बहुधा त्याच हंडीतली असते, म्हणून तिच्या जागी दुसराच पदार्थ घेणे चांगले.

वेटरवर राग काढणे

आमच्या टेबलावरचा मुलगा फार तर वीस वर्षांचा असेल आणि नोकरीवर त्याचा तिसरा दिवस होता, हे नंतर बोलता बोलता कळले. पाणी मागितले तर तो ग्लास आणत होता, ग्लास मागितले तर चमचे, आणि माझ्या चुलत्यांनी त्याला दोनदा चांगलेच फटकारले. त्याने पदार्थ शिजवलेला नसतो, आत किती चिठ्ठ्या साठल्या आहेत यावर त्याचा ताबा नसतो, पदार्थ बिलातून वगळण्याचा अधिकारही त्याला नसतो. मग त्याच्यावर ओरडून मिळते काय, तर तो आपल्या टेबलाकडे फिरकेनासा होतो आणि सेवा आणखी बिघडते. “दादा, जरा कॅप्टनना पाठवता का?” एवढे एक वाक्य त्याला सुटका वाटते आणि आपले कामही पुढे सरकते. कॅप्टनने दाद दिली नाही तर गल्ल्यावरच्या व्यवस्थापकाकडे किंवा मालकाकडे आपण स्वतः उठून जावे. टेबलावर आवाज चढवण्यापेक्षा काउंटरपाशी उभे राहून हलक्या आवाजात बोललेले अधिक परिणामकारक ठरते, कारण तिथे आत येणारी गिऱ्हाइके ते ऐकत असतात.

बिल न वाचता स्कॅन करून मोकळे होणे

त्या रात्री आम्ही मोबाइलवरून ६,४६८ रुपये भरले आणि बिल खिशात कोंबून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उलगडून पाहिले तर पदार्थांचे ५,६०० रुपये, त्यावर १० टक्के सेवाशुल्क म्हणून ५६० रुपये आणि या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे ६,१६० रुपयांवर, ५ टक्के जीएसटी ३०८ रुपये असा हिशेब होता. सेवाशुल्क नसते तर ५,६०० वर २८० रुपये कर लागून ५,८८० रुपये झाले असते. ज्या सेवेबद्दल आम्ही रात्रभर कुरकुरत होतो तिच्यासाठीच आम्ही ५८८ रुपये जास्तीचे मोजले होते.

सेवाशुल्क हा कर नाही. ती रक्कम सरकारकडे जात नाही, हॉटेलकडेच राहते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे सांगितले की कोणत्याही हॉटेलने किंवा उपाहारगृहाने हे शुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगावे आणि ते बिलात मिळवून त्यावर कर आकारू नये. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सुरुवातीला त्यांना स्थगितीही मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. संघटनांनी त्यावर अपील केले आहे. आपल्यापुरते यातून निघते ते एवढेच की पैसे देण्यापूर्वी “सेवाशुल्क काढून बिल पुन्हा द्या” असे सांगावे. बहुतेक ठिकाणी फार खळखळ न करता ते काढून देतात, कारण त्यांनाही नियम माहीत असतो. वेटरला बक्षिसी द्यायची असेल तर ती त्याच्या हातात द्यावी, म्हणजे ती त्याला पोहोचते.

कराच्या ओळीतही पाहण्यासारखे असते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून वातानुकूलित आणि साध्या दालनाच्या करात फरक उरलेला नाही. साधारण उपाहारगृहात दर ५ टक्के, म्हणजे केंद्राचे अडीच आणि राज्याचे अडीच, आणि महागड्या खोल्यांच्या तारांकित हॉटेलांच्या आवारात १८ टक्के. वातानुकूलित दालनातले पदार्थ महाग असू शकतात, पण मग तो फरक मेन्यूकार्डावरच्या किमतीत दिसला पाहिजे, करात नव्हे. त्याचप्रमाणे जी छोटी हॉटेले कंपोझिशन योजनेखाली, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सवलतीखाली, येतात त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही आणि तसे त्यांनी बिलावर लिहायचे असते. बिलावर ‘कंपोझिशन’ हा शब्द आणि खाली कराची ओळ, असे दोन्ही एकत्र दिसले तर ती ओळ चुकीची आहे. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा वेगळा कर लागतो, म्हणून परमिट रूमच्या बिलात दोन हिशेब दिसले तर गोंधळून जाऊ नये.

याशिवाय न आलेले पदार्थ, जास्तीच्या रोट्या आणि न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या मोजून पाहाव्यात. मोबाइलवरून पैसे गेल्याचा संदेश म्हणजे बिल नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणे बंधनकारक आहे, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हॉटेलची ओळख पटवण्यासाठी तो क्रमांकच सर्वांत उपयोगी पडतो.

जिथे आपली बाजू लंगडी आहे तिथे भांडणे

पाण्याच्या सीलबंद बाटलीवर छापील किंमत २० रुपये आणि बिलात ४० रुपये, यावरून हमखास वाद होतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार हॉटेल आणि उपाहारगृह छापील किमतीपेक्षा अधिक दर लावू शकते, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची जागा आणि सेवाही दिली जाते. हा निकाल मला फारसा रुचत नाही, पण तो आहे, आणि म्हणून भांडण्याऐवजी बसताक्षणीच “साधं पाणी द्या” असे सांगणे बरे. वेटर गप्पांच्या ओघात न विचारता बाटलीचे झाकण फोडतात, तेवढ्यावर लक्ष ठेवावे.

दुसरा प्रकार पनीरचा. दुधाऐवजी वनस्पती तेल वापरून बनवलेला पदार्थ पनीर म्हणून खपवता येत नाही हे खरे, आणि तसा संशय आला तर विचारणा जरूर करावी. पण टेबलावर आयोडीनचे थेंब टाकून निळा रंग आला म्हणजे पनीर बनावट ठरले, असे होत नाही. आयोडीन फक्त स्टार्च दाखवते. कॉर्नफ्लोअर लावून तळलेले अस्सल पनीरही निळे पडते आणि स्टार्च नसलेले बनावट पनीर निळे पडत नाही. असल्या प्रयोगातून चित्रफीत तयार होते, निष्कर्ष निघत नाही.

अन्नात काही सापडले किंवा पोट बिघडले तर

झुरळ, केस किंवा तारेचा तुकडा सापडल्यावर आपण किळस येऊन प्लेट दूर ढकलतो आणि वेटर ती तत्परतेने उचलून नेतो. तिथेच पुरावा संपतो. प्लेट हलू देऊ नये, टेबल आणि पदार्थ दोन्ही दिसतील असे छायाचित्र काढावे, व्यवस्थापकाला जागेवर बोलावून दाखवावे आणि पदार्थ बिलातून वगळला तरी बिल मागून घ्यावे. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमानुसार ग्राहकालाही शुल्क भरून पदार्थाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, मात्र आपण तसे करणार आहोत हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते.

पोट बिघडल्यावर शेवटचे जेवण दोषी धरण्याची घाई करू नये. काही जंतूंच्या विषाने एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, तर साल्मोनेलासारख्या जंतूंची लक्षणे दिसायला सहा तासांपासून कित्येक दिवस लागू शकतात. त्यामुळे डॉक्टरांना मागच्या दोन-तीन दिवसांचे सगळे खाणे सांगावे, कागद जपून ठेवावेत आणि त्याच टेबलावरच्या आणखी कोणाला त्रास झाला का याची चौकशी करावी. अकरांपैकी पाच जण एकाच रात्री आजारी पडले, तर ती माहिती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला ताबडतोब कळवण्यासारखी असते.

पैशांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक पहिला. तिथे नोंदवलेली तक्रार हॉटेलकडे पाठवून उत्तर मागितले जाते आणि लहान रकमांची बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. तेवढ्यावर भागले नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही.

घरी पोहोचताच रागाच्या भरात लिहिणे

“चोर आहेत, कोणीही जाऊ नका” असा एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मालक वाचत नाही आणि इतर वाचणारेही त्यातून काही घेत नाहीत. शिवाय सिद्ध न करता येणारे आरोप आपल्याच अंगाशी येऊ शकतात. आम्ही एक रात्र जाऊ दिली आणि मग हॉटेललाच पत्र लिहिले. तारीख, वेळ, टेबल क्रमांक, दाल मखनीची चव, रोट्या किती आणि कधी आल्या, सेवाशुल्काची रक्कम आणि बिलाचे छायाचित्र एवढेच त्यात होते, आणि दाल आम्ही निम्मी खाल्ली होती हेही लिहिले होते.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. दाल दुपारच्या हंडीतली असावी, असे त्यांनी आतल्या चौकशीवरून मान्य केले आणि ५८८ रुपये परत पाठवले. दालीचे पैसे त्यांनी दिले नाहीत, आम्हीही ते मागितले नाहीत. नव्या वेटरबद्दल पत्रात एक अक्षर नव्हते, तरी त्यांनी त्याचे नाव विचारले. आम्हाला ते आठवत नाही, असे आईने फोन हातात घेऊन सांगितले.